कंदाला जाणं

ये, अशी जवळ सरक. आधी तो मोबाईल पालथा घाल. तू समोर नाहीस हे मला ठाऊक आहे, तू पुण्यात तुझ्या खोलीत आहेस. पण समोर कुणी बसल्याशिवाय मला लिहिता येत नाही, म्हणून तुलाच बसवते. आणि बसायचं ते जमिनीवर. खुर्ची मागायची नाही.

गणपतीत आलीस ती किती वेळ? सकाळच्या एसटीनं आलीस आणि दुपारच्या एसटीनं गेलीस. त्यात चुलीपुढं उकिडवी बस म्हटलं तर तुझ्या टाचा टेकेनात. मागच्या मागं गेलीस ती थेट राखेच्या ढिगात. तुझे आजोबा दारातनं बघत होते. म्हणाले, "हाडांचं शिकतीया पोरगी, आनि सोताची हाडं वाकनात व्हय."

तू हसलीस, राख झटकलीस आणि मला एक गोष्ट सांगितलीस. म्हणालीस, "आजी, जुन्या सांगाड्यांच्या घोट्यावर एक छोटी गुळगुळीत खूण सापडते. जन्मभर उकिडवं बसून हाडाला हाड टेकतं, तिथं ती पडते. त्यावरनं हजारो वर्षांनी कळतं, हा माणूस कसा बसायचा." मी उलथनं हातात धरून तशीच राहिले. केवढं नवल वाटलं मला. मग तू घड्याळ बघितलंस आणि बॅग उचललीस.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. मेलेल्या माणसाच्या घोट्यावरनं तो कसा बसायचा हे तुला सांगता येतं, आणि इथं जितं माणूस ओढ्याकाठी बसलंय, त्याच्याकडं यायला तुला सवड नाही. हे कसलं शिक्षण, बाई?

आता नीट सांगते, म्हणजे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणालाही कळेल.

मी कामथडीकडची. आमच्या माहेरी बागाईत, जमीन सपाट, कंद म्हटलं की रताळं. लग्न होऊन आले ती वेल्ह्याच्या पलीकडं, डोंगराच्या पोटात. इथं भातखाचरं आणि त्याच्या वर लगेच रान. आमच्या वाडीपासून ओढा ओलांडला की कातकऱ्यांची वस्ती आहे. तिथली एक बाई माझ्याच वयाची, बहुतेक माझ्याच वर्षी लग्न होऊन आलेली. तिला सगळी वाडी कंदवाली म्हणते, कारण बाजारात ती कंद घेऊन बसते. ती मला वैनी म्हणते. आता चाळीसच्या वर वर्षं झाली असतील.

आमची ओळख झाली ती माझ्या मूर्खपणामुळं. नवी नवरी होते. कंदवाली दारात करांदे, म्हणजे रानातले कंद, घेऊन आली, तिला तांदूळ हवे होते. सासूबाईंनी पायलीभर तांदूळ दिले, करांदे घेतले आणि त्या खाचरात गेल्या. मला वाटलं, रताळ्यासारखंच काहीतरी. मी ते धुतले, भांड्यात घातले, मीठ टाकलं आणि उकडले. दुपारी सगळ्यांच्या ताटात वाढले. पहिला घास घेतला आणि अख्खं घर गप्प झालं. कुणी बोलेना, कारण बोलता येईना. तोंड कडूजहर आणि घशात आग. तुझे आजोबा पाणी प्यायले, पाण्यानं आणखी वाढलं. सासूबाई ताटावरनं उठल्या, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "कामथडीला आसंच जेवतात काय?"

दुसऱ्या दिवशी कंदवाली मुद्दाम विचारायला आली. "कसं लागलं?" मी तोंड उघडून घसा दाखवला. ती दारातच बसली आणि पोट धरून हसली. मग म्हणाली, "चल, वैनी, तुला शिकवते. न्हाईतर तू मानसं मारशील."

तिनं मला ओढ्यावर नेलं. कडू करांद्याच्या चकत्या करायच्या, राखेत घोळून उकडायच्या, मग वेताच्या पाटीत घालून वाहत्या पाण्यात ठेवायच्या, एक दिवस आणि एक रात्र. पाटीवर दगड ठेवायचा. दुसऱ्या दिवशी एक चकती जिभेच्या टोकाला लावायची, गिळायची नाही. कडू लागली तर अजून पाण्यात. हे सगळं ती सांगत होती उकिडवी बसून, दोन्ही टाचा दगडावर सपाट, आणि गुडघे खांद्याला लागलेले. विळी पाण्यात पडली तेव्हा ती उठलीसुद्धा नाही. पायाच्या अंगठ्यात आणि बोटात धरून तिनं विळी वर काढली. मी बघतच राहिले. माझं बोट आणि अंगठा जन्माला आल्यापासून एकमेकांना चिकटून आहेत.

मी विचारलं, "हे पैल्यांदा कुणाला कळलं असंल गं, राखेत घालायचं आणि पाण्यात ठेवायचं?"

ती म्हणाली, "पैल्याचं तोंड जळलं आसंल. मंग दुसरं हुशार झालं. तुझ्यावानी."

तुझी आई पाचवीत गेली तशी मीही पाचवीत गेले. ती शाळेतनं आली की तिचं पुस्तक मी घ्यायची. चौथीनंतर माझी शाळा सुटली होती, म्हणून माझं सगळं शिक्षण तुझ्या आईच्या मागनं झालंय, एक पिढी उशिरानं. पुढं भोरला डोळे दाखवायला जायची तेव्हा वाचनालयात बसायची. तिथं प्राण्यांच्या सांगाड्यांचं एक जाड पुस्तक होतं, चित्रांचं. त्यात गाईची कवटी बघितली आणि मला हसू आलं. कारण त्यात जे लिहिलं होतं ते मला कंदवालीनं आधीच सांगितलं होतं.

ते असं झालं होतं. ओढ्याच्या वाळूत एक जबडा सापडला, पांढराफटक. मी म्हटलं, कुत्र्याचा असेल. तिनं हातात घेतला, उलटा केला, बोट फिरवलं. "कुत्र्याचा कसला? हे बघ, फुडं वरच्या बाजूला दात न्हाईत. खालच्या दातानं गवत वरच्या हिरडीवर दाबायचं आनि तोडायचं. चरनारं हाय. आनि मागची दाढ बघ, जात्यावानी सपाट. कुत्र्याची दाढ कातरीवानी आसती." आम्ही गावातले लोक बैल घेताना दात बघतो, पण तो वय बघायला. दोनदाती, चारदाती, सगळे दात आले की जुळला, संपलं. ती दातावरनं पोट बघायची.

"आणि माणसाचं गं?" मी विचारलं.

"मानसाचं काय," ती म्हणाली, "समद्यांकडनं थोडं थोडं मागून आनलंय. कुठलंच धड न्हाई. म्हनून तर चूल लागती."

हे मी तुला कितीदा सांगितलं असेल. तू हूं हूं करायचीस. पण गेल्या वर्षी तुझी अक्कलदाढ आडवी आली आणि पुण्याच्या डॉक्टरनं ती काढली, तेव्हा तू सुजलेल्या तोंडानं मला फोन केलास. फोन ठेवला आणि मी ओढ्यावर गेले, तिला सांगितलं. ती म्हणाली, "अक्कलदाढ काढली? मंग अक्कल कुठं ठेवायची?" मग विचारलं, "पोरगी खाती काय?"

"ब्रेड खाते, मॅगी खाते."

"मंग दाढंला काम काय? काम न्हाई त्याला जागा न्हाई. वाढलाच न्हाई जबडा तिचा."

हे मी तुला सांगितलं तशी तू पहिल्यांदा हूं हूं करायचं सोडलंस. म्हणालीस, "आजी, हे आम्हाला शिकवतात. चिवट खाणाऱ्यांचे जबडे लहानपणापासून पुरे वाढायचे, मऊ खायला लागल्यावर दाढांना जागा उरेना, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यांनी हे कुठं वाचलं?" मी म्हटलं, "तिला वाचता येत नाही." तेव्हा तू म्हणालीस, "मला त्यांना भेटायचंय. रानातल्या अन्नावर राहणारी माणसं, त्यांचं खाणं, बसणं आणि शरीर, ह्यावरच माझा प्रकल्प करते."

किती बरं वाटलं मला. मी कंदवालीला सांगून आले, माझी नात येणार आहे तुझ्याकडं. तिनं विचारलं, "कशाला?" म्हटलं, "तुझे पाय बघायला." ती म्हणाली, "येऊ दे. पर मी बी तिचे बघनार."

आणि आलं काय? तू नाही आलीस. गणपतीनंतर मोबाईलवर प्रश्नांचा कागद आला. "आजी, तूच विचार ना त्यांना. हो किंवा नाही एवढंच भरायचंय."

इथं माझंही चुकलं, ते लपवत नाही. मला वाटलं, मी शिकलेली, मला जमेल. चष्मा लावला, पदर खोचला आणि गेले. ती अंगणात बसून झाडू बांधत होती. मी तुझा कागद वाचला, जसाच्या तसा, कारण तू म्हणाली होतीस एक शब्द बदलू नको.

"आपल्या कुटुंबात शिकार केली जाते काय?"

"शिकार?" ती म्हणाली. "शिकार राजं लोक करत्यात. घोड्यावर बसून. आमी कुठली शिकार? आनि तू हे मोठ्यानं वाचू नको, रानाचा गार्ड ऐकंल."

"मग मासे, खेकडी धरता ते?"

"खेकडं म्हंजे शिकार व्हय? खेकडं म्हंजे खेकडं."

मी भरलं, नाही.

"आपण अन्न गोळा करता काय?"

तिचा हात थांबला. माझ्याकडं असं बघितलं की मी चष्मा काढला. "वैनी, आमी कवा तुझ्या दारात भाकरी मागाया आलो का? अन्न गोळा करायला आमी काय भिकारी हाय? कष्टाचं खातो." आता तूच सांग. अन्न गोळा करणं म्हणजे दारोदार झोळी फिरवणं, आमच्याकडं तरी तोच अर्थ. मला हे वाचताना कळायला हवं होतं. नाही कळलं. मी घाईघाईनं म्हटलं, "नाही गं, तसं नाही," आणि भरलं, नाही.

"आपल्या आहारात कंदमुळांचा समावेश आहे काय?"

"आहार अंगनवाडीत देत्यात," ती म्हणाली. "लहान पोरास्नी. आमाला न्हाई देत."

आता हसायला येतं, तेव्हा नाही आलं. तिला राग आलेला, मला लाज वाटलेली, ऊन डोक्यावर. मी तिसऱ्यालाही 'नाही' भरलं आणि परत आले. तिच्या अंगणात दारापाशी करांद्यांची पाटी होती. मी ती ओलांडून आले, पोरी. ओलांडून.

पंधरा दिवसांनी तुझं पान आलं. टाईप केलेलं, सुबक. आजोबांना वाचून दाखवलं. "सदर वस्तीवरील कुटुंबे शिकार अथवा अन्नसंकलन करीत नाहीत. आहारात कंदमुळांचा वापर आढळला नाही. कुटुंबे पूर्णतः मजुरीवर अवलंबून आहेत." आजोबा म्हणाले, "हे कुठल्या गावचं हाय?"

तुला फोन केला. तू म्हणालीस, "आजी, उत्तरं त्यांनीच दिलीत ना?" मी सगळं सांगितलं, झोळीचं, अंगणवाडीचं. तू ऐकलंस, ओशाळलीसही. पण म्हणालीस, "मग मला तिथं येऊन, समोर बसून पुन्हा विचारावं लागेल. कागदावर भरलेलं उत्तर तुझ्या तोंडून ऐकून मला बदलता येत नाही. आणि दिवाळीनंतर लगेच द्यायचंय सगळं." मी म्हटलं, "मग ये." तू म्हणालीस, "बघू."

ह्या 'बघू'चा मला वीट आलाय. रस्ता झाला, एसटी झाली, पुण्यातनं निघालीस तर अर्ध्या दिवसात इथं पोचता येतं, आणि तोंडात शब्द काय, बघू. 'नाही' म्हणालीस तर मी भांडेन तरी. 'बघू'शी कसं भांडायचं?

मी गप्प बसायला हवं होतं, पण मला बसवेना. कंदवालीनंच विचारलं, "तुझ्या नातीनं काय लिवलं आमचं?" खोटं कसं बोलू? वाचून दाखवलं. ती ओढ्यातनं पाटी काढत होती. ऐकत होती आणि पाणी निथळू देत होती. वाचून झालं तेव्हा म्हणाली, "म्हंजे आमी काय खातच न्हाई म्हन की."

मी म्हटलं, "चूक झाली. माझीच."

"चुकीचं न्हाई गं," ती म्हणाली. "पर कागद हाय त्यो. आमच्या पोरांनी रानाचा हक्क मागितलाय, तालुक्याला अर्ज दिलाय. तिथं इचारत्यात, रानावर जगता ह्याला पुरावा काय. उद्या कुनी ह्यो कागद फुडं केला, की बघा, ही लोकं रानात जातच न्हाईत, शिकलेल्या पोरीनं लिवलंय, मंग?" ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, आणि एक चकती उचलून जिभेला लावली. कडू होती. तिनं पाटी पुन्हा पाण्यात ठेवली.

तू म्हणशील, कॉलेजचा कागद, कोण बघतंय. मलाही तसंच म्हणायचं होतं. पण मी ह्या तालुक्यात जन्म घालवलाय. इथं कधी कुठला कागद वर येईल आणि कुणाला धरून बसेल, सांगता येत नाही.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मुळात विचारायचं कसं, तेच कळेना. कितीही शब्द बदलले तरी 'अन्न', 'गोळा', 'आहार', काहीतरी आड यायचंच. आणि मग परवा ती सकाळी दारावरनं चालली होती, खांद्याला पहार, डोक्यावर पाटी. आजोबांनी सहज हाक मारली, "कुठं गं?"

"कंदाला."

एवढंच. कंदाला. मी हातातलं सूप खाली ठेवलं.

पोरी, आपण म्हणतो बघ, पाण्याला गेली, लाकडाला गेली. ती माणसं तसंच म्हणतात. खेकड्याला जाणं, माशाला जाणं, मधाला जाणं, करवंदाला, भाजीला, डिंकाला. गोळा करणं असा एक शब्दच त्यांना लागत नाही. प्रत्येक वस्तूचं जाणं वेगळं, वाट वेगळी, महिना वेगळा. तुझ्या कागदात विचारायला हवं होतं एवढंच, की बाई, वर्षभरात तुम्ही कशाकशाला जाता?

मी तिच्यामागं धावले. धावले म्हणजे काय, माझे गुडघे तुला माहीत आहेत. मीही आता पाटावर बसते, उकिडवं बसू नका म्हणून डॉक्टरनं सांगितलंय, तेव्हा तुला बोलायचा माझा हक्कही अर्धाच आहे. ओढ्यावर तिला गाठलं आणि विचारलं, "तू कशाकशाला जातेस गं?"

ती बसली. टाचा टेकवून, आरामात, आणि सांगायला लागली. चैत्रापासून सुरू केलं. मी दिनदर्शिकेचं पान नेलं होतं, त्याच्या पाठीवर लिहीत गेले. पान भरलं, कडेनं लिहिलं, मग तांदळाच्या पिशवीवर लिहिलं. श्रावणातच ती इतका वेळ अडकली की ऊन कलतीला लागलं. कुठला कंद कुठल्या झाडाखाली, वेल पिवळा पडला की मगच का खणायचा, वरचा कोंबाचा डोळा मातीत परत का पुरायचा. कुठं वाकून काढायचं, कुठं बसून, कुठं पालथं पडून खांद्यापर्यंत हात घालून. तुझं सगळं त्यात होतं. खाणं, बसणं, शरीर. मी लिहिलं, पण ती बसते कशी, पहार धरते कशी, घोटा दुमडतो कसा, हे मी कसं लिहू? त्याला तुझे डोळे हवेत. शिकलेले.

उठताना म्हणाली, "तुझी नात यील का?"

मी म्हटलं, "बघू म्हणाली."

"मंग न्हाई येत," ती म्हणाली.

"येईल," मी म्हटलं. तुझ्यासाठी खोटं बोलले की खरं, ते आता तुझ्या हातात आहे.

भाऊबीज झाली की तिच्या वस्तीवर ट्रक येतो. सगळी माणसं वीटभट्टीवर जातात, ती येतात थेट पावसाच्या तोंडाला. म्हणजे तुझा कागद जाईल तेव्हा इथं विचारायला कुणी नसेल. ही दिनदर्शिका मी उशाखाली ठेवली आहे, पण तूच म्हणतेस, माझ्या हातचं चालत नाही.

तेव्हा रुसवा सोड, मीही सोडते. लक्ष्मीपूजनाच्या आधी एक दिवस काढ. वेल्ह्याला उतर, आजोबा तिथल्या फाट्यावर उभे राहतील, पाच मिनिटं उशीर झाला तरी हलणार नाहीत, तोंड तेवढं चालू राहील. ओढ्यात तुझ्या नावाची करांद्याची पाटी ठेवली आहे, दगड मीच ठेवलाय. तुझ्या टाचा टेकल्या नाहीत तर पाठीमागं पाटा उभा करू, पडणार नाहीस. मुक्कामाला ये, दुपारच्या एसटीचं नाव काढू नको. ये बाळा, तिच्या तोंडून एकदा तूच ऐकून जा.